सातविणीची साल आणि असीमा चॅटर्जी

मंडळी, बोलायला लागण्याआधी या दोन ताटल्या पहिल्या रांगेतून मागे फिरवतो. एकीत सातविणीची डहाळी आहे, दुसरीत चार सागरगोटे. डहाळी आज सकाळीच तोडून आणली, तिच्या देठातून अजून पांढरा चीक येतोय, तेव्हा हाताला लावून घेऊ नका. पानं मोजा. एका गाठीवर साधारण सात निघतील, म्हणून सप्तपर्णी. दिवाळीच्या आसपास संध्याकाळी रस्त्यावरून जाताना जो उग्र, डोकं धरायला लावणारा वास येतो ना, तो हिच्या फुलांचा. आणि इथे कुणी मालवणाकडचं असेल तर त्याला चावदिसाच्या पहाटेचा सातिणीचा रस आठवला असेल. अभ्यंगस्नान झालं, कारीट फोडलं की आजी वाटीतून तो कडूजहर रस पुढे करायची आणि तो प्यायल्याशिवाय फराळाच्या ताटाला हात लावू द्यायची नाही.

का प्यायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं: ताप येत नाही. बरं, त्या रसात असं काय आहे, की ताप येत नाही? याला आजीकडे उत्तर नव्हतं आणि तिला त्याची गरजही नव्हती. आज ज्या बाईंबद्दल मी बोलणार आहे, त्यांनी साठ वर्षं हा दुसरा प्रश्न विचारला. सातविणीला विचारला, सर्पगंधेला विचारला, बेलाच्या पानाला विचारला. त्यांचं नाव असीमा चॅटर्जी.

जन्म 23 सप्टेंबर 1917, कलकत्ता. माहेरचं आडनाव मुखर्जी. वडील इंद्रनारायण मुखर्जी डॉक्टर होते आणि त्यांना वनस्पतींचा नाद होता. घरात औषधाच्या बाटल्या आणि वाळवलेल्या पाल्याच्या पुड्या, दोन्ही. मुलगी गाणंही शिकली, ध्रुपद-खयाल. स्कॉटिश चर्च कॉलेजातून 1936 साली रसायनशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली आणि 1938 साली कलकत्ता विद्यापीठातून सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. त्या काळातलं कलकत्ता म्हणजे आचार्य प्रफुल्लचंद्र रे आणि सत्येंद्रनाथ बोस यांचं कलकत्ता. संशोधनाला गुरू लाभले प्रफुल्लकुमार बोस. 1944 साली डी.एस्सी. मिळाली. भारतीय विद्यापीठाने विज्ञानातली डी.एस्सी. एका स्त्रीला दिली ती ही पहिलीच.

1944 साल डोळ्यांसमोर आणा. आदल्या वर्षीच्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं गेलेली. त्याच्याही आदल्या डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडलेले. महायुद्ध चालूच. अशा शहरात एक मुलगी झाडाची साल कुटून, गाळून, आटवून तिच्यातून स्फटिक काढत होती.

आपल्याकडे कमलाबाई सोहोनींची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळूरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला आणि कमलाबाई हटून बसल्या. असीमाबाईंच्या चरित्रात असा दारातला प्रसंग मला सापडत नाही. उलट त्यांचे गुरुजन त्यांच्या पाठीशी होते. दार उघडंच होतं. आत गेल्यावर रसायनांच्या बाटल्या रिकाम्या होत्या, ही त्यांची अडचण. माझ्या मते ती जास्त चिवट. दारावर धडका मारता येतात, रिकाम्या बाटलीवर काय मारणार?

आता थोडं रसायनशास्त्र सोसा. वाळलेली साल, मूळ किंवा पान घ्या, त्याची भरड करा. किलो-दोन किलो तरी लागते. आधी पेट्रोलियम ईथरने तिच्यातलं तेल आणि मेण धुऊन काढायचं. मग अल्कोहोलमध्ये दिवसचे दिवस अर्क उतरवायचा. तो आटवला की काकवीसारखा काळपट चिकट गोळा उरतो. त्या गोळ्यात शेकडो पदार्थ असतात: रंग, साखरा, टॅनिन, राळ. आपल्याला हवा असतो त्यातला एक. इथे एक युक्ती कामी येते. वनस्पतीतली बरीच जोरकस द्रव्यं अल्कलॉइड जातीची, म्हणजे नायट्रोजन असलेली आणि स्वभावाने आम्लारी. आम्लाचं पाणी घातलं की ती क्षार होऊन पाण्यात उतरतात, बाकीचा गाळ मागे राहतो. मग त्या पाण्यात अमोनिया घातला की पाणी त्यांना सोडून देतं आणि ती क्लोरोफॉर्ममध्ये जातात. एकदा पाण्यात, एकदा क्लोरोफॉर्ममध्ये. धोबी कपडा दोन्ही बाजूंनी आपटतो तसं.

हे मी फार सोपं करून सांगितलं. एम.एस्सी.ला असताना मी हेच करायला बसलो होतो. क्लोरोफॉर्म आणि पाणी एकत्र घालून उत्साहाने नरसाळं हलवलं, आणि दोन थर वेगळे होण्याऐवजी आत ताकासारखा फेस झाला. रात्रभर ठेवला, हलला नाही. मीठ घातलं, हलला नाही. तीन आठवड्यांचं काम त्या ताकात गेलं. आमचे सर येऊन बघून गेले आणि एवढंच म्हणाले, ‘‘नरसाळं पाळण्यासारखं झुलवायचं असतं, घुसळायचं नसतं.’’ असो.

क्लोरोफॉर्म उडवला की अल्कलॉइडांचं कडबोळं हाती येतं. ते एकेक सुटं करायला काचेच्या उभ्या नळीत ॲल्युमिनाची पांढरी भुकटी भरायची आणि वरून मिश्रण सोडायचं. कोणी भुकटीला जास्त चिकटतं, कोणी कमी, म्हणून ते पुढे-मागे होत खाली उतरतात. खाली बाटल्या बदलत बसायचं. पन्नास बाटल्या, शंभर बाटल्या. प्रत्येकीतला थेंब घेऊन तपासायचा. ड्रॅगनडॉर्फचं द्रावण टाकल्यावर नारिंगी रंग उमटला तर बाटलीत अल्कलॉइड आहे. मग योग्य द्रावक शोधून स्फटिक पाडायचे. किलोभर सालीतून शेवटी चमच्याच्या टोकावर मावेल एवढं पांढरं काहीतरी मिळतं, आणि तेही नशीब चांगलं असेल तर.

आणि खरं काम इथून पुढे. हा पदार्थ आहे कसा? त्याचे अणू एकमेकांना कसे जोडलेत? आज एनएमआर या रेणूची ठेवण दाखवणाऱ्या यंत्रात नळी ठेवली की दुपारपर्यंत आलेख हातात. 1940 साली हे यंत्रच नव्हतं. तेव्हा रेणू तोडायचा आणि तुकड्यांवरून अख्खा कसा होता ते ताडायचं. काही मिलिग्रॅम जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तोलायचं, त्यावरून सूत्र. हायड्रोआयोडिक आम्लात उकळून मिथॉक्सी गट मोजायचे. सेलेनियमबरोबर तापवून हायड्रोजन हुसकायचे आणि उरलेला सांगाडा ओळखीचा निघतो का बघायचं. ओळखीचा वाटला तर तो पदार्थ प्रयोगशाळेत स्वतः बनवायचा, दोन्ही भुकट्या एकत्र मिसळायच्या आणि वितळबिंदू घ्यायचा. वितळबिंदू जागचा हलला नाही तर दोन्ही एकच. दोन-चार अंशांनी घसरला तर आपण चुकलो, पुन्हा पहिल्यापासून. मला सगळ्या रसायनशास्त्रात ही परीक्षा सगळ्यात प्रामाणिक वाटते. तिथे वशिला चालत नाही.

आता सर्पगंधेकडे येऊ. सर्पगंधेच्या मुळाची कीर्ती जुनी: झोप, वेड, सापाचं विष. 1931 साली दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी या मुळातून पहिली अल्कलॉइडं वेगळी काढली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाचं नाव ‘अजमलीन’ ठेवलं. 1949 साली आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं, की या मुळाने रक्तदाब उतरतो. मग जग जागं झालं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्यातलं रिसर्पीन वेगळं काढलं आणि 1956 साली अमेरिकेत वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत पहिल्यापासून बनवून दाखवलं. या धावपळीच्या कितीतरी आधी, 1941 साली, असीमा मुखर्जी नावाच्या तरुणीने सर्पगंधेच्या एका भावंड-वनस्पतीतून, राऊवोल्फिया कॅनेसेन्समधून, एक नवं अल्कलॉइड काढल्याचा लेख प्रसिद्ध केला होता. त्याचं नाव राऊवोल्सीन. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत आजही या नावाची बाटली मिळते.

या राऊवोल्सीनची गंमत बघण्यासारखी आहे. आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीत योहिम्बीन नावाचं द्रव्य असतं. राऊवोल्सीन आणि योहिम्बीन यांचं सूत्र एकच. अणू तेवढेच, कोण कुणाला जोडलंय तेही तेच. तरी ती दोन वेगळी द्रव्यं आहेत. कसं? ठिपक्यांची रांगोळी काढा. ठिपके तेच, रेघा त्याच. पण कल्पना करा की एका ठिपक्यापाशी रेघ जमिनीवरून जरा वर उचलली आहे आणि दुसऱ्या रांगोळीत तीच रेघ जमिनीत दाबली आहे. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतील. हात फिरवणाऱ्याला फरक कळेल. शरीर हात फिरवून बघतं. रेणू कुठे उचललेला आणि कुठे दबलेला आहे, त्यावर तो पेशीत बसतो की नाही हे ठरतं. असीमाबाईंच्या कामाचा मोठा आणि अवघड भाग हा होता. अजमलिसीन, सार्पगीन यांसारख्या सर्पगंधा-कुळातल्या रेणूंची ही उंच-सखल ठेवण त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उलगडली. कागदावर सपाट दिसणाऱ्या आकृतीत कुठली रेघ वर आणि कुठली खाली, हे यंत्राविना ठरवणं म्हणजे अंधारात पेटीच्या पट्ट्या ओळखण्यासारखं आहे.

मध्ये काही वर्षं त्या परदेशी होत्या. 1940 साली त्यांनी लेडी ब्रेबॉर्न कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग उभा केला होता. 1945 साली बरदानंद चॅटर्जी यांच्याशी लग्न झालं, तेही रसायनशास्त्रज्ञ. 1947 साली, देश स्वतंत्र होत असताना, त्या तान्ह्या मुलीला आणि तिला सांभाळणाऱ्या बाईंना बरोबर घेऊन अमेरिकेला गेल्या. आधी विस्कॉन्सिन, मग कॅलिफोर्नियात कॅलटेकला लास्लो झेकमाइस्टर यांच्याकडे. मघाशी मी ज्या भुकटीच्या नळीबद्दल बोललो, त्या विद्येतले झेकमाइस्टर म्हणजे उस्ताद. त्यानंतर झुरिचला पाउल कारर यांच्याकडे. कारर यांना 1937 सालीच नोबेल मिळालेलं होतं. 1950 साली त्या परत आल्या. परत का आल्या, याचं मोठं भावनिक उत्तर देण्याची पद्धत आहे. मी देणार नाही. त्यांची झाडं इथे होती, एवढं कारण मला पुरतं.

आल्यावर पुन्हा त्या बाटल्या. 1954 साली त्या कलकत्ता विद्यापीठात रुजू झाल्या तेव्हा प्रयोगशाळेत धड द्रावकं नव्हती, विद्यार्थ्यांना द्यायला पैसे नव्हते. काढलेल्या पदार्थाचं साधं मूलद्रव्य-विश्लेषण करायचं तरी नमुना परदेशी पाठवावा लागे, आणि त्याचा खर्च बाई पुष्कळदा स्वतःच्या खिशातून करत. विचार करा, महिनोन्‌महिने राबून मिळवलेली पन्नासेक मिलिग्रॅम भुकटी. त्यातली दहा पाकिटात घालून समुद्रापार पाठवायची. आकडा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं, आणि आकडा जुळला नाही तर पुन्हा दहा पाठवायची. शेवटी उरतं किती? या हिशेबात चारशेच्या आसपास शोधनिबंध निघाले. 1961 साली भटनागर पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. 1962 साली खैरा प्राध्यापकपद, ते 1982 पर्यंत. पुरस्कारांची यादी लांब आहे, पण एवढं पुरे.

त्यांच्या कामातलं मला सगळ्यात आवडतं ते एक अवघड नावाचं द्रव्य आहे: गाइसोशिझीन. राझ्या स्ट्रिक्टा नावाच्या वाळवंटी झुडपातून त्यांनी ते वेगळं काढलं. त्याचं महत्त्व असं, की ते वाटेतलं स्थानक आहे. झाड साध्या द्रव्यांपासून सुरुवात करून एकेक पायरी चढत अवघड इंडोल अल्कलॉइडं बनवतं. आपल्याला शेवटचा माल दिसतो, मधल्या पायऱ्या झाड पटापट ओलांडून जातं. गाइसोशिझीन ही अशी एक मधली पायरी, जिथून पुढे वेगवेगळ्या दिशांना वाटा फुटतात. ती बाटलीत बंद करणं म्हणजे धावत्या गाडीतून मधल्या फलाटावरच्या माणसाचा फोटो काढणं. तो स्पष्ट आला, यातच त्यांचा हात कळतो.

आणि बेल. महादेवाला आपण जे त्रिदळ वाहतो, त्या पानातल्या एजेलीन नावाच्या द्रव्याची रचना त्यांच्या प्रयोगशाळेने 1959 साली प्रसिद्ध केली. बेलाच्या झाडाच्या कूमारिन वर्गातल्या द्रव्यांवरही त्यांचं काम आहे. श्रावणी सोमवारी बेल वाहताना एजेलीन आठवलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. मला आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

आता औषधांकडे येतो, कारण लोक मला तेच विचारतात. भातखाचरात एक चार पानांचं नेचं उगवतं, बंगालीत त्याला शुशनी शाक म्हणतात. त्याची भाजी खाल्ली की झोप चांगली लागते, अशी तिकडे पूर्वापार समजूत. हे नेचं आणि जटामांसी यांच्यापासून असीमाबाईंनी अपस्माराच्या झटक्यांवर औषध तयार केलं, ते ‘आयुष 56’ या नावाने पुढे आलं. दुसरं मलेरियासाठी. त्यात चार वनस्पती: सातवीण, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोटा. ताटल्या फिरवल्या त्या याचसाठी. आपल्या लहानपणी पोरी ओसरीवर जे सागरगोटे उडवत बसायच्या, ते हेच.

आता एक स्पष्टीकरण, आणि ते जरा रागानेच करतो. दर मार्चमध्ये महिला दिन आला की मोबाइलवर एक मजकूर फिरतो: असीमा चॅटर्जींनी सदाफुलीतून कॅन्सरचं औषध शोधलं. सदाफुलीच्या कुळातल्या अल्कलॉइडांवर त्यांनी काम केलं, हे खरं. पण व्हिनब्लास्टीन हे कॅन्सरचं औषध वेगळं काढलं कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी, 1958 साली. त्याच सुमारास अमेरिकेत एलाय लिली कंपनीत स्वोबोदा यांचंही काम चालू होतं. नोबल यांची गोष्टही रंजक आहे. जमैकात मधुमेहावर या पानांचा काढा पितात असं कळलं, म्हणून नोबल मंडळी साखर उतरते का बघत होती आणि उतरल्या पांढऱ्या पेशी. या श्रेयात बाईंना भागीदार करण्याची काही गरज नाही. ज्या बाईने मिलिग्रॅमचा हिशेब चोख ठेवला, तिच्या खात्यावर दुसऱ्याचं भांडवल का टाकायचं? उलट त्यामुळे राऊवोल्सीन आणि गाइसोशिझीन झाकली जातात. ती नावं उच्चारायला कठीण आहेत, मजकूर पुढे पाठवायला सोयीची नाहीत, हाच काय तो त्यांचा गुन्हा.

आयुर्वेदाबद्दल त्यांची भूमिका काय होती, असंही विचारतात. माझ्या समजुतीप्रमाणे, त्या ग्रंथाकडे पत्ता म्हणून बघत. पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं, घरात कोण राहतं ते स्वतः बघायचं. पत्ता खोटा म्हणून फेकायचा नाही आणि पत्ता बरोबर निघाला म्हणून माणूस भेटला असंही समजायचं नाही. आणखी एक सांगून ठेवतो. कडू म्हणजे अल्कलॉइडच, असं नसतं. काडेचिराईत प्यायल्यावर जी जीभ मरते, ती वेगळ्याच जातीच्या द्रव्याने, त्यात नायट्रोजनचा पत्ताही नसतो. जिभेवर भरवसा ठेवून रसायनशास्त्र होत नाही.

1967 साल त्यांना फार वाईट गेलं. चार महिन्यांच्या आत वडील आणि पती दोघेही गेले, त्यांची स्वतःची प्रकृतीही ढासळली. सत्येंद्रनाथ बोस यांनी त्या काळात त्यांना धीर दिला. काही महिन्यांनी त्या प्रयोगशाळेत परतल्या. भाऊ शल्यविशारद होते, वनौषधींच्या कामात त्यांचाही हात लागला. मुलगी मोठी होऊन त्याच विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली. 1975 साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री म्हणून त्यांची निवड झाली. 1982 ते 1990 राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. पण मला वाटतं त्यांना यापेक्षा जास्त समाधान दिलं ते कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधल्या संस्थेने: एकाच आवारात वनौषधींचं संशोधन आणि आयुर्वेद रुग्णालय. भारतीय वनौषधींवरचे बंगाली सहा खंडही त्यांनी संपादित केले. म्हणजे ज्या भाषेत आजीने शुशनी शाकाचा गुण सांगितला, त्या भाषेत त्याचं रसायनशास्त्र परत नेऊन ठेवलं. मराठीत असं काम व्हावं असं मी गेली वीस वर्षं म्हणतोय आणि स्वतः काही करत नाहीये, हे प्रांजळपणे सांगतो. 22 नोव्हेंबर 2006 रोजी त्या गेल्या.

मघाशी एका आजोबांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘‘मग सातिणीच्या रसाने मलेरिया जातो की नाही?’’ आजोबा, सालीत अल्कलॉइडं आहेत, हे पक्कं. पण वाटीभर रसात ती किती, कुठल्या झाडाची, कुठल्या ऋतूतली, याचं मोजमाप तुमच्या घरी नाही. ताप आला तर रक्त तपासा, आणि मलेरिया निघाला तर डॉक्टर देतील त्या गोळ्या शेवटपर्यंत घ्या. चावदिसाचा रस परंपरेने घोटभर घेता तेवढा खुशाल घ्या, आजीची आठवण म्हणून. तिसऱ्या रांगेतल्या बाळांनो, ताटली परत आली, धन्यवाद. जाताना सागरगोटे चार होते. आता तीनच दिसतायत.